बदकं कुणी मागितली होती?

आमच्या लिंडसेनं, माझ्या नवऱ्यानं, चौसष्टाव्या वर्षी पदवी घ्यायचं काढलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून लाकडाच्या गिरणीत गेलेला माणूस. सगळं आयुष्य करवतीपुढं घालवलं, करंगळीचं टोकही तिथंच ठेवून आला. आणि आता म्हणे पर्माकल्चर शिकायचं! म्हणजे जमीन, पाणी, वारा, झाडं, जनावरं आणि तिथं राहणारी माणसं या सगळ्यांचा मेळ बसेल असा जागेचा आराखडा करायचा. "आपल्या खानदानात कुणी पदवी घेतली नाही, व्हर्ना," असं म्हणून तो नव्या नवरदेवासारखा लाजला. मग काय बोलणार? जा बाबा, म्हटलं.

या लोकांचा एक नेम आहे. पहिलं वर्षभर कुदळ उचलायची नाही, नुसतं बघायचं. लिंडसे बघत बसला. दहिवर कुठल्या खळग्यात साचतं, नैर्ऋत्येचा वारा कुठून घुसतो, छोट्या कांगारूंसारख्या वॉलबी कुंपणाखालून कुठं वाट पाडतात, सगळं बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ओरडायची, "अरे, लग्न झाल्यापासून माझ्याकडं इतकं टक लावून बघितलं असतंस तर!" तो हात हलवायचा. ऐकू काही गेलेलं नसायचं.

दुसरा नेम तर माझ्या डोक्यातच जायचा. जागेतल्या प्रत्येक वस्तूनं निदान तीन कामं करायची! मी म्हटलं, मला बसायला एक बाक करून दे. केला. फार सुरेख केला, लाकडात त्याचा हात धरणारं कुणी नाही. पण बाकाखाली गांडुळांची पेटी बसवली आणि पाठीला मटारचे वेल चढवले. आता चहाचा कप घेऊन टेकावं तर खाली गांडुळं आणि मानेत मटार. पुढं त्यानं वाफ्यांवर पुठ्ठे आणि पेंढ्याचा जाड थर घातला. त्या ओलाव्यात गोगलगायी अशा माजल्या की कोबीच्या नुसत्या शिरा उरल्या. मग गोगलगायी खायला बदकं आणली. बदकांनी गोगलगायी खाल्ल्या, आणि तोंडी लावायला माझं लेट्यूसही. मागच्या पायरीवरची त्यांची घाण कोण धूत होतं, हे मी सांगायला नको.

तर शेवटच्या वर्षी त्याला शिकवणाऱ्या बाई, सास्किया डाउलिंग, जागा बघायला आल्या. वय असेल चाळिशीचं, बूट चिखलात, बोलणं एकदम मऊ. मी स्कोन आणि चहा पुढं केला. त्या म्हणाल्या, "व्हर्ना, बदकांची कल्पना तुमची ना? छान जमलीय."

"माझी?" मी किटली खाली ठेवली. "अहो, बदकं कुणी मागितली होती?"

"लिंडसे म्हणाला, घरच्यांना विचारलं. तुम्हाला बदकं हवी होती, भाजी भरपूर हवी होती, आणि शहरापासून लांब, शांत राहायचं होतं."

मी लिंडसेकडं बघितलं. तो अचानक नळ गळतोय का ते तपासायला लागला.

तेव्हा मला कळलं. जमिनीला हात लावायच्या आधी त्या जागेत राहणाऱ्या माणसांना, तुम्हाला काय हवंय, असं विचारायचं असतं, हा त्यांचा सगळ्यात पहिला धडा. घरात राहणारी माणसं दोन. त्यातल्या एकाला त्यानं विचारलं, आणि दुसरीच्या वतीनं उत्तरंही त्यानंच दिली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण हसूही येत होतं, कारण इतक्या वर्षांत त्यानं माझ्या चहात साखरसुद्धा न विचारताच घातली होती, आणि बरोबर घातली होती.

बाई रागावल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "लिंडसे, तुझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी दोनदा परत पाठवलं. त्यात माती काय शिकली ते कळतं. तू काय शिकलास, ते कुठंच नाही. आता लिहू नकोस. वर्गातल्या सगळ्यांना इथं बोलाव आणि तोंडानं सांग. त्याशिवाय पदवी देता येणार नाही मला."

झालं! त्या दिवसापासून माणसाचा घास उतरेना. करवतीविषयी विचारा, पावसाविषयी विचारा, तो तासभर बोलेल. स्वतःविषयी बोल म्हटलं की तोंडाला कुलूप. शेडमध्ये जाऊन बदकांपुढं सराव करायचा. मी दाराआडून ऐकलं, तिथंही तो खताबद्दलच बोलत होता. मला हसायला हवं होतं, पण मी हळूच दार लोटून घेतलं. त्या पदवीसाठी तो चष्मा नाकावर घेऊन, ओठ हलवत, एकेक पान दोनदा वाचत आला होता. आता इथवर येऊन हात हलवत परत जायचं?

एकदा जेवताना म्हणाला, "मी काय शिकलो, तूच सांग ना. तुला माहीत असतं सगळं."

"वा रे वा! पदवी तुझी आणि उत्तरं मी देऊ? तू माझी दिलीस म्हणून?"

मी थट्टेनंच म्हटलं होतं. पण त्याचा काटा ताटातच राहिला.

ठरलेल्या रविवारी मंडळी आली. पद्धतीप्रमाणे प्रत्येकानं काहीतरी करून आणलेलं, मी भोपळ्याचं सूप मोठ्या पातेल्यात चढवलं होतं. वारा बोचरा होता म्हणून खुर्च्या शेडमध्ये गोल मांडल्या. त्याच्या वर्गातली मार्नी तान्ह्या मुलाला घेऊन माझ्या शेजारी बसली. लिंडसे मधे उभा राहिला, टोपी हातात पिळत.

"आमच्या मातीत चिकणमाती फार होती," त्यानं सुरुवात केली.

"लिंडसे, माती नको," बाई हळूच म्हणाल्या.

तो थांबला. थांबूनच राहिला. कान लाल झाले. कुणी खोकलंसुद्धा नाही, मार्नीचं मूल तेवढं चुटुचुटु आवाज करत दूध पीत होतं. वाटलं, उठावं, त्याचा हात धरावा आणि सांगावं की राहू दे रे, पदवीविना काही अडत नाही आपलं. पण अडत होतं. त्याचं अडत होतं.

मग तो वळला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "व्हर्ना, मी तुला विचारलं नाही. बदकांचं नाही, बाकाचं नाही. बर्नी शहरातलं घर विकून इकडं आलो, तेही मीच ठरवलं. आता विचारतो. तुला इथं काय हवंय?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मला पटकन काही सुचेचना. कुणी विचारलंच नाही तर उत्तर तरी कुठून तयार असणार! डोळे भरून आले, आणि त्या भरून येण्याचाच राग आला.

"डेलिया," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "बर्नीच्या घराच्या फाटकापाशी होते तसे. मोठे. त्यांनी काही काम करायचं नाही. मधमाश्या आल्या तर येऊ देत, पण मी त्यांच्यासाठी लावत नाही. नुसती फुलं हवीयत मला. खिडकीसमोर, जिथं तू बीन्स लावणार आहेस ना, तिथं."

खिडकीसमोरची जागा म्हणजे उत्तरेचं ऊन (आमच्या दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून असतो), वारा नाही, अख्ख्या जमिनीतला सगळ्यात चांगला तुकडा. वर्गातल्या एका दाढीवाल्यानं तर चक्क श्वास आत ओढला.

लिंडसेनं तोंड उघडलं. तो काय म्हणणार ते मला पक्कं ठाऊक होतं: डेलियाचे कंद खाता येतात. उकडूनही आणि भाजूनही. शब्द अगदी ओठांवर आलेले दिसत होते मला. माणसानं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"कोणत्या रंगाचे?"

"गडद लाल," मी म्हटलं. "आणि थोडे पांढरे."

"बरं," तो म्हणाला. मग बाईंकडं वळून ओशाळला. "माफ करा, मधेच दुसरंच निघालं. माझं सांगायचं राहिलंच."

"सांगून झालं, लिंडसे," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला होता आणि तो पुसत होत्या.

त्याला काही समजलं नाही. तो तसाच उभा, एकदा बाईंकडं बघतोय, एकदा माझ्याकडं. शेवटी मलाच हळूच विचारतो, "म्हणजे पास?"

"पास रे बाबा," मी म्हटलं. "ये, बस आता. सूप निवतंय."