घासलेली बाटली

"भांडं कुणीही दिलेलं असो, आपल्या हाताने घासल्याशिवाय त्यात पाणी भरायचं नाही!"

सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली, तरी काकूंच्या कानात हे अजून ताजं होतं. म्हणूनच परसातल्या विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायला तपासनीस बंद बाटली ठेवून गेला, तेव्हा काकूंनी तिचं सील काढलं, साबणाने खसाखसा घासली, उन्हात वाळवली, फडक्याने पुसली आणि मगच पाणी भरून धाडली.

अहवाल आला : पाणी पिण्यायोग्य नाही.

काकूंचं तोंड एवढंसं झालं. लेक तीन महिन्यांचं बाळ घेऊन राहायला यायची होती आणि तिने फोनवर बजावलं होतं, "आई, पाणी चांगलं निघालं तरच येईन हं."

तपासनीस पुन्हा आला, तेव्हा काकांनी सगळी हकिगत रंगवून सांगितली. "या घरात मलासुद्धा घासल्याशिवाय आत घेत नाहीत. बाटली कशी सुटेल?"

"अहो, ती आधीच निर्जंतुक होती!" तपासनिसाने कपाळाला हात लावला. "काकू, फडक्यावरचे जंतू गेले असतील आत."

"माझ्या फडक्यावर जंतू? रोज उकळते मी ते!"

"मग उकडलेले गेले असतील," काका म्हणाले.

तपासनिसाने हसत हसत नवी बाटली स्वतः भरली. मग तो विहिरीच्या कट्ट्यावरच्या धुण्याच्या दगडापाशी उकिडवा बसला. दगडाखालून एक चीर गेली होती. त्याने तिथे तांब्याभर पाणी ओतलं आणि काकूंना विहिरीत वाकून पाहायला सांगितलं. विहिरीच्या भिंतीवरून बारीक धार खाली उतरत होती.

"म्हणजे मी इथे घासते ते सगळं..."

"तुमच्याच घागरीत परत."

काकांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण काकूंचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

"चीर सिमेंटने बुजवा. मग औषध टाकू, पाणी उपसू, पुन्हा तपासू. पंधरा दिवस जातील. पण आजपासून इथे धुणीभांडी बंद. शब्द द्या."

"दिला," काकू हळूच म्हणाल्या.

तो गेल्यावर काका म्हणाले, "गुडघा दुखतोय ना तुझा? आजचा दिवस इथेच घास की. तो काय बघायला येतोय!"

काकूंनी पदर खोचला. दुपारची खरकटी भांडी टोपलीत रचली, टोपली कमरेवर घेतली आणि परसाच्या त्या टोकाला, जिथून उतार विहिरीपासून लांब जातो, तिकडे एकेक पाऊल टाकत निघाल्या.