शनिवारची नखं

संस्कृती म्हणजे नखांवर मिळवलेला ताबा, असं जावईबापूंनी सासूबाईंच्या सोफ्यावर उभं राहून जाहीर केलं आणि बकुळा मांजरीचं पहिलं नख कापलं. तेवढ्याने खोली चहूबाजूंनी वीतभर आखडली. छत खाली आलं आणि जावईबापूंचं डोकं बंद पंख्याला लागलं.

शनिवारी नखं कापत नाहीत, हे सासूबाईंनी, म्हणजे इंदुमतीबाईंनी, त्यांना चहा देतानाच सांगितलं होतं. एरवी रविवारी त्या स्वतः बकुळेला मांडीवर घेत आणि नखांची नुसती पारदर्शक टोकं उडवत. आतल्या गुलाबी भागाला धक्का नाही. ओरबाडायला कोपऱ्यात तरट गुंडाळलेला खुंटही होता. पण बकुळेला सोफा पसंत, आणि सोफा जावयांनी दिलेला. शिवाय इंदुमतीबाईंच्या, म्हणजे सबनीसांच्या घरात जावयाला नाही म्हणायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या नखाला टीपॉय सोफ्याला येऊन भिडला. तिसऱ्याला कपाट टीपॉयवर चढलं. जावईबापू गुडघे हनुवटीला लावून बसले आणि कापत राहिले. खोली लहान असली की झाडायला बरी पडते, असं त्यांचं मत पडलं. मुलीचा फोन आला. आई, ऐक ना त्यांचं, एवढं ती म्हणाली. पुढचं वाक्य खोलीत मावलं नाही.

"सोमवारी डॉक्टरकडे नेतो हिला," जावईबापू म्हणाले. "मुळासकट काढून टाकू नखं. कायमची कटकट मिटेल."

इंदुमतीबाईंच्या पाठीला भिंत लागली होती, पोटाला कपाट. मुलीच्या लग्नापासून त्यांनी जावयांचा बिनसाखरेचा शिरा केला होता, त्यांची मतं ऐकली होती, सोफा ठेवून घेतला होता. त्यांनी हात लांब करून बकुळेला ओढून घेतलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

जावईबापूंनी नीट ऐकायला कान पुढे केला. तो कपाटाला अडला.

"अहो, एकच राहिलंय."

"ते राहणार."

बकुळेने ते एकुलतं नख बाहेर काढलं, भिंतीवर टेकवलं आणि सावकाश खाली ओढलं. भिंत जुन्या धोतरासारखी फाटत गेली. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा, तरी फटीतून गवत दिसत होतं, आणि त्यावर ऊन. फटीच्या तोंडाशीच जावईबापूंचे पाय होते.

"जावईबापू," इंदुमतीबाई म्हणाल्या, "जरा पाय वर घ्या. आम्हाला जायचंय."