ओट्यावरचा दिवा

मार्च महिन्यातील दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात, चाळीस वर्षे शाळांची उपकरणे दुरुस्त केलेले एक गृहस्थ पलंगाच्या कडेला बसून आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरशी हुज्जत घालत होते. कॅल्क्युलेटर बायकोचा. ती गणिताची शिक्षिका. सगळे तिला बाई म्हणत, आणि नवराही. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा आवाज कुजबुजीपुरता उरला होता, पायांतही बळ नव्हते. गेल्या आठवड्यात ती न्हाणीच्या दारात पडली आणि हाका मारत राहिली. स्वयंपाकघरातल्या नवऱ्याला अर्धा तास पत्ता नव्हता. तेव्हापासून मुलीने धोशा लावला होता, की आईला मी माझ्याकडे नेते. आज ती त्यासाठीच येणार होती.

घंटा आणून झाली होती. बाईंनी ती हातात धरली नाही.

"घंटा वाजवून बोलवायला तुम्ही काय शिपाई आहात?"

म्हणून ही खटपट. कॅल्क्युलेटरच्या यूएसबीतून निघालेली वायर स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत गेली होती. टोकाला नखाएवढा दिवा. यूएसबीची वीज यंत्राच्या आतल्या एका पोर्टच्या, म्हणजे जणू आठ बारीक कळांच्या एका फळीच्या, ताब्यात असते. त्यात आकडा लिहिला की त्या आठही कळा एकदम चालू-बंद होतात; आकडा योग्य असला, तर वीज सुरू होते. इथे मात्र दरवेळी पडदाच गोठत होता.

"काय लिहिताय त्यात?" बाई कुजबुजल्या.

"एक."

"आधी काय होतं?"

"ते कशाला बघू?"

"आठ कळा आहेत तिथं. तुम्हाला एकच दाबायचीय, आणि तुम्ही उरलेल्या सात बंद करून बसताय. आधी वाचा, मग त्यातली तेवढी एक बदला. जन्मभर तुमचं असंच. ऐकून घ्यायच्या आधी स्क्रूड्रायव्हर."

त्यांनी आधी वाचले, मग तेवढेच बदलले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळसर उजेड पडला. तोच हुकूम त्यांनी एका कळीवर बसवला: एकदा दाबली की सुरू, पुन्हा दाबली की बंद.

मुलगी आली ती रिकामी बॅग घेऊनच. सगळे ऐकून घेतल्यावर ती ओट्याशी वडिलांजवळ उभी राहिली.

"दिवा लागेल हो बाबा. पण आई कळ दाबणारच नाही. मी ओळखते तिला."

ते भाजी चिरत राहिले. यंत्राची त्यांना खात्री होती. पण बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला पाणीसुद्धा मागितले नव्हते. पाच मिनिटे गेली, दहा गेली. भाजी संपली, तरी सुरी पाटावर चालतच होती.

"बाबा, पुरे आता. मी तिचे कपडे बॅगेत भरायला घेते."

दिवा लागला.

ते सुरी टाकून निघाले. मुलगी दिव्याभोवती बोटे फिरवत म्हणाली, "आता बंद कुठून करायचा?"

"तिथूनच. तिच्या हातानं."

"इथंही एक बटण लावायचं की."

"इथून बंद करता आला, तर मी इथूनच 'आलो, आलो' म्हणत बसेन. मी मला ओळखतो."

मुलगी त्यांच्या मागोमाग गेली. बाई डोळे मिटून पडल्या होत्या, बोट कळीवर.

"उशी सरकलीय," त्या म्हणाल्या. "आणि इतका वेळ लागला, कारण मला सवय नाही."

त्यांनी उशी नीट केली, मानेखाली हात घालून. बाईंनी कळ पुन्हा दाबली.

मुलगी दारातच थांबली होती.

"बाबा," ती म्हणाली, "आई इथंच राहील."