नव्वद रकाने

दिवस ५२. जेवणानंतर एक कप. आराम.

"पट्टा मोठा झालाय की मी लहान?" मीटरवाल्यानं पट्ट्यावर खिळा टेकवला आणि हातोडी घातली. हे तिसरं नवं भोक.

बायको दारात उभी होती. हातात कप, कपावर बशी.

"वाफ गेली की गुण गेला. आधी प्या, मग सुतारकी करा."

"जशी आज्ञा, कंपनी सरकार."

त्यानं कप दोन्ही हातांत धरून संपवला. मग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला तक्ता काढला आणि बावन्नाव्या रकान्यात 'आराम'पुढे बरोबरची खूण केली.

"पोट बघा कसं सपाट झालंय," ती कौतुकानं म्हणाली. "नुसता गॅसचा फुगारा होता. लिहा शेऱ्यात."

"तूच लिही. तुझं अक्षर बरं."

तिनं लिहिलं, पोटाचा घेर कमी.

दिवस १. आराम. (हे मागच्या पानावर आहे.)

ती हर्बल चहाच्या कारखान्यात मिश्रणाच्या टेबलावर होती. बडीशेप, पुदिना, सुंठ, ज्येष्ठमध. चाळायचं, मोजायचं, मिसळायचं. सहा वर्षं झाली तरी हंगामीच. कायम झालेल्या बायकांना पाठ टेकायची खुर्ची मिळे, हंगामी बायकांना स्टूल. संध्याकाळी तिचे घोटे पावासारखे फुगलेले असत.

कारखान्याच्या मॅडमनी पोटासाठीचा नवा चहा काढला होता. प्रत्येकीनं साठीच्या पुढचं, पोटाची तक्रार असलेलं एक माणूस आणायचं आणि त्याला नव्वद दिवस चहा द्यायचा. एकही रकाना कोरा चालणार नाही. मधे डॉक्टरचं औषध घेतलं तर तक्ता बाद. जिचा तक्ता पुरा, तिचं नाव कायम करण्याच्या यादीत.

"म्हणजे म्हातारपणी माझ्या पोटाला नोकरी लागली म्हणायची," मीटरवाला म्हणाला होता.

"चेष्टा नको. होतो ना तुम्हाला गॅस?"

"होतो की. एकतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचले. दुसरं काय होणार?"

मीटरवाला हे गल्लीनं पाडलेलं नाव. तो घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचा. घराला कुलूप असलं की इतर मीटर वाचणारे मागच्या महिन्यांवरून अंदाजे आकडा टाकत आणि नियमाप्रमाणे त्याखाली टिंब देत. टिंब म्हणजे हा आकडा डोळ्यांनी पाहिलेला नाही. हा मात्र वहीत 'दार बंद' लिहून संध्याकाळी पुन्हा जायचा. एकतीस वर्षांत त्याच्या वहीत एक टिंब नाही, हे त्यानं तिला किती वेळा ऐकवलं असेल! तिला ते पाठ झालं होतं, आणि पाठ झालेलं कुणी ऐकत नाही.

दिवस १९. आराम.

ताटात अर्धं जेवण तसंच होतं.

"का हो? दुखतंय का?"

ती पाय लांब करून घोट्यांना तेल चोळत होती. तो तिच्या घोट्यांकडे बघत राहिला.

"छे गं. तुझ्या चहानंच पोट भरतं."

मग त्यानं खूण केली. तिच्याकडे पाठ होती, आणि खूण करायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ लागला.

दिवस ७१. आराम.

"एकदा दाखवून येऊ या का डॉक्टरांना? गाल पार बसलेत तुमचे."

"एकोणीस रकाने राहिले. इतक्यात?"

ती गप्प बसली. तिला हेच उत्तर हवं होतं.

दिवस ८३.

दुपारी चहा संपवून, खूण करून तो उठला, मोरीपर्यंतही पोचला नाही. उलटी काळी होती, चहाच्या चोथ्यासारखी.

"कधीपासून दुखतंय यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखत नाही साहेब. आराम होता. माझ्याकडे लिहिलेलं आहे." तिनं पिशवीतून तिन्ही पानं काढून टेबलावर मांडली. घाईत निघतानाही ती घ्यायला विसरली नव्हती.

डॉक्टरांनी पानं दिव्याखाली धरली. त्यांनी मघाशी त्याच्या पोटावर हात ठेवला होता. गाठ त्यांच्या मुठीएवढी लागली होती.

"बाई, हे भरलं कुणी?"

"त्यांनीच. रोज."

"तीन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर..." ते तिथंच थांबले. "आणि ही टिंबं कसली?"

तिनं वाकून पाहिलं. पहिल्या अठरा खुणा स्वच्छ होत्या. एकोणिसावीपासून प्रत्येक खुणेखाली एकेक टिंब होतं. गोल, नेटकं, एकसारख्या अंतरावर. तिला इतके दिवस वाटत होतं, पेन गळतंय.

वॉर्डात त्याच्या नाकात नळी होती. ती उशाशी बसली.

"दिसली?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं, पेन..."

"माझं पेन? आणि गळेल?" तो हसायला गेला आणि कळ येऊन थांबला.

"तोंडानं सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

"खुर्ची यायची होती तुझी."

तिनं पदर तोंडात कोंबला. एकाहत्तराव्या दिवशी ती गप्प बसली होती, ते त्यानं ऐकलं होतं का? हे मात्र तिला विचारता आलं नाही.

"उरलेले भरून टाक," तो म्हणाला. "खाली टिंब दे. मग ते खोटं होत नाही."

फोनवर मॅडमही तेच म्हणाल्या. "सातच तर राहिलेत, काकू. भरा तुम्हीच. कोण बघायला येतंय? वाईट वाटतं हो, पण तुमचं तरी भलं होऊ दे."

ती दोन्ही वेळा "हो" म्हणाली. रोज थर्मासमध्ये चहा करून नेत होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याला घोटभर पाणीही चालत नव्हतं. तो नुसता वास घ्यायचा.

"सुंठ जास्त पडली आज," अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी तो म्हणाला. सुंठ खरंच जास्त पडली होती. त्या संध्याकाळी तो गेला.

पंधरवड्यानं ती कामावर आली. टोपीत केस कोंबले आणि तक्ता मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम "फार वाईट झालं, काकू" म्हणाल्या, आणि बोलता बोलता शेवटच्या पानावर आल्या.

८४ ते ८८. घेतला नाही. वास घेतला.

"अहो, हे काय केलंत? हा तर बाद होणार!"

"होऊ दे."

"आणि हे शेवटचे दोन?"

"वाचा ना."

८९. दार बंद.
९०. दार बंद.

मॅडमनी पान उजेडात तिरकं धरून पाहिलं. दोन्ही रकान्यांत कुठंही टिंब नव्हतं.

तोवर ती टेबलाशी पोचली होती. तिनं पायानं स्टूल पुढं ओढलं, पुदिन्याचं पोतं उसवलं आणि चाळायला घेतलं.