हात केला की थांबणारी गाडी

त्या थांब्यावर निरोप देताना कुणी हात हलवत नसे. पोचवायला आलेली माणसं दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहत आणि "जपून जा हं," एवढंच म्हणत. कारण गाडी तिथे आपणहून थांबायची नाही. उतरणाऱ्यानं आतून गार्डला सांगायचं आणि चढणाऱ्यानं फलाटावरून हात वर करायचा. वसाहतीत नव्यानं राहायला आलेल्या एका सुनेनं, पुढे निघालेला मामा खिडकीत दिसला म्हणून हात हलवला, तर अख्खी गाडी थांबली.

"चढा लवकर!" चालक ओरडला.

"चढायचं नाहीये हो, मामा दिसला."

"मग मामाला तरी उतरवून घ्या. माझं थांबणं फुकट नको जायला!"

तेव्हा सगळ्यात जास्त हसली होती ती ठमी. थांब्यासमोरच्या खोलीत ती शिवणकाम करायची. सकाळी वसाहतीतली माणसं विजारी, झंपर तिच्या ओट्यावर टाकून गाडी गाठत आणि अंधार पडायच्या आत घेऊन जात. मधला सगळा दिवस घरांना कुलपं असायची. मशीन थांबलं की लव्हाळ्यांतून वारा फिरल्याचा आवाज तेवढा यायचा. बोलायला कुणी नाही. ठमी मग मशीनशीच बोलायची, "दमलास का रे बाबा?"

पूर्वी तिथे नुसती दलदल होती. पलीकडच्या काठाला जायचं तर होडी. मग लोहमार्गाचा भराव सुरू झाला. ठमीचे वडील त्या कामावर होते. दिवसभर दगड टाकावेत आणि सकाळी येऊन बघावं तर पाणी जसंच्या तसं. "या जमिनीला पोट आहे, तळ नाही," आई म्हणायची. शेवटी तळ लागला, रूळ पडले, थांबा झाला, आणि शहरात जागा न मिळालेली माणसं इथे झोपायला आली. थोरली बहीण लग्न होऊन पलीकडच्या काठाला गेली. म्हातारपणी आईही तिच्याकडेच होती.

आईचं जास्त झाल्याचा निरोप आला त्या सकाळी दाट धुकं होतं. ठमीनं हात वर केला. चालकाला तो दिसला नाही. गाडी समोरून निघून गेली. पलीकडे जाणारी दुसरी गाडी दुपारीच होती. ती पोचली तेव्हा आई गेलेली होती.

"गाडी थांबली नाही," ठमी म्हणाली.

"हात केला की थांबते ती. केलाच नसशील," ताई म्हणाली, आणि तिथून बोलणं तुटलं.

सकाळी वसाहतीतली माणसं गेली की मागून येणाऱ्या गाडीनं ताई रोज शहरात कामाला जायची. फलाटाकडच्याच खिडकीत बसायची आणि थांबा आला की मान दुसरीकडे फिरवायची. ठमीही रोज फलाटावर उभी राहायची, हात पाठीमागे बांधून. तो तिचा नेमच झाला होता. हात करून गाडी थांबवायची, तर पुढे काय बोलायचं? ताई पुन्हा तेच म्हणाली तर?

पण आता सरळ नवा पूल झाला होता, मोठ्या रस्त्याकडे नवं स्टेशन झालं होतं. उद्यापासून गाडी इकडे फिरकणारच नव्हती. आज चढायचं, ताईशेजारी जाऊन बसायचं, मग ती काहीही बोलो, असं ठरवून ठमी सकाळी बाहेर पडली.

बाहेर धुकं. हातभर अंतरापलीकडचं काही दिसेना.

रूळ वाजू लागले तसा तिनं हात वर केला. धुक्यातून इंजिन निघालं आणि तसंच पुढे गेलं. एक डबा गेला, दुसरा गेला. मग अगदी जवळून ताईची खिडकी गेली. आज शेवटचा दिवस म्हणून की काय, ताईनं मान फिरवली नव्हती. ती बघत होती.

गाडी धुक्यात विरली. ठमी घरी आली. दिवसभर एक शिवण धड पडली नाही.

दिवेलागणीला फलाटावर चिटपाखरू नव्हतं, कुणी हात केला नव्हता, तरी गाडी थांबली. ठमी धावली. ताई दांडा धरून उतरत होती.

"इथे एक दिवा नाही. मोडू का पाय माझा?"

"अगंबाई, ताई!"

"सकाळी हात केला होतास तू."

"त्या दिवशीही केला होता."

ताई बाकावर बसली.

"धुकं होतं गं. मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "आई शेवटी विचारत होती, ठमे. ठमी निघाली का, म्हणून. मी म्हटलं, निघालीय."

ठमीनं पदर तोंडाला लावला. ती ताईशेजारी बसली. दलदलीवर अंधार उतरत होता. काही वेळानं दूर दिवा दिसला. त्या थांब्यावर येणारी ती शेवटची गाडी.

"चल, निघते. घरी वाट बघतील," ताई उठली. "कर हात."

ठमीनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"अगं, कर ना!"

गाडी जवळ आली. ताईनं एकदा ठमीकडे पाहिलं, आणि आपलेही हात पाठीमागे नेले.