चऱ्होलीच्या डोहात खडक नाही

मी एक जुनी मोटारलाँच बोलतेय. भोसरीत, हिंदुरावच्या वर्कशॉपच्या मागच्या आवारात, एका कुशीवर पडून बोलतेय. शेजारी लेथ, ग्राइंडर आणि लोखंडाच्या किसाचे ढीग. नवा कामगार आला की हमखास विचारतो, 'इथं होडी कशाला?' जुने नुसतेच हसतात. हसू देत बापडे. सोमवारी मला फोडायचं ठरलंय. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. ती माझ्याखेरीज आता कुणालाच ठाऊक नाही.

मी अस्सल सागवानाची. कोकणातल्या एका खाडीकाठी सुतारांनी मला मुंबईच्या एका शेटजींसाठी बांधलं. तीस फूट लांबी, वर छप्पर, पितळी कठडे, बसायला गाद्या. रविवारी समुद्रात जायचं, शेटजींच्या पाहुण्यांनी चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढंच काम. वीस वर्षं मी नुसती मिरवले. खोटं कशाला बोलू?

पुढे शेटजी गेले आणि त्यांच्या मुलांना मोटारगाड्यांची हौस. मावळात धरण बांधणाऱ्या एका ठेकेदारानं मला आणलं. साहेबलोकांना पाण्यावर फिरवता फिरवता माझ्या गाद्या गेल्या, पितळ गेलं, इंजिन खोकायला लागलं. धरण पुरं झालं आणि मी नकोशी झाले.

१९७६च्या दिवाळीनंतर ज्योतीराम मला बघायला आला. भोसरीच्या एका कंपनीत फिटर, पण राहणारा चऱ्होलीच्या समोरचा, इंद्रायणीच्या पलीकडचा. त्याचा बाप भिवा तिथला नावाडी. बारा माणसांची लहानशी नाव, आणि सुगीला गाव त्याला धान्य घालायचं, हीच त्याची मजुरी. पण भोसरीत कारखाने आले, गावातली माणसं शिफ्टला जायला लागली. सकाळी काठावर रांग लागायची. शेवटच्या फेरीतल्यांचा भोंगा चुकायचा. नदी भरली की नाव बांधून ठेवावी लागायची आणि लोकांचे खाडे पडायचे. ज्योतीरामला चाळीस माणसं एका फेरीत न्यायची होती.

तो तीन रविवार आला. पहिल्यांदा एकटाच. इंजिनाचं झाकण उघडून तासभर वाकून बसला. दुसऱ्यांदा हिंदुरावला घेऊन. तिसऱ्यांदा बापाला. घेऊ की नको, घेऊ की नको, असं त्याचं चाललेलं. मला घ्यायचं तर घरातली नाव विकावी लागणार होती.

भिवा माझ्याभोवती फिरला, फळ्यांवरून हात फिरवला.

"तुझी आय काय म्हनती ठावं हाय न्हवं? घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं."

"आबा, ते सोडा. तुमाला काय वाटतं?"

"म्हातारी हाय. पर लाकूड नामी हाय," भिवा म्हणाला. "घ्यायची तर थेट नदीत टाक. आठ दिस गळंल, बुडंल बी. बुडू दे. लाकूड फुगलं की सांदी आपसूक मिटत्यात. इंजान मागनं बसीव."

ज्योतीराम हसला. "पान्यात बुडवून कुठली वस्तू नीट होती आबा? गंजून जाईल सगळं. आधी वर्कशॉपला नेतो, टकाटक करतो."

भिवा म्हणाला, "तू कंपनीत शिकलास. तुला जास्त म्हाईत."

म्हातारा बरोबर बोलत होता, आणि मला मात्र एकच हाव, यांनी मला न्यावं. मी त्या दिवशी होतं नव्हतं तेवढं देखणेपण गोळा करून उभी राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

नाव विकली गेली. मी ट्रकवर चढून भोसरीला आले.

इतके लाड माझे शेटजींनीही केले नव्हते. माझ्यावर पत्र्याची शेड उभी राहिली. ज्योतीराम शिफ्ट सुटली की यायचा आणि इंजिनाचा एकेक भाग रॉकेलनं धुऊन, पुसून मांडायचा. जुने पार्ट बाजारात मिळेनात, तर हिंदुरावच्या लेथवर नवे कातून घेतले. माझ्या अंगावर पाण्याचा थेंब दिसला तरी तो फडक्यानं टिपायचा. लोखंडावर वाढलेला माणूस तो, त्याला पाणी म्हणजे गंज. आणि मी लाकडाची. मला कोरडेपणा म्हणजे मरण. एका महिन्याचे सहा झाले. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली मी तडकत गेले. फळ्यांत बोटभर फटी पडल्या, माझ्या पोटात ऊन दिसायला लागलं.

फटी बघून ज्योतीराम घाबरला नाही. मोटारीच्या पत्र्याचे पोचे भरायला जी लांबी वापरतात, ती डबेच्या डबे आणून त्यानं प्रत्येक फटीत गच्च दाबून भरली. दगडासारखी वाळली. वर पॉलिशपेपर, वर निळा रंग. दिसायला मी नवरी दिसत होते. पण फळ्या फुगतील तेव्हा त्यांना अंग पसरायला जागाच उरली नव्हती. हे त्याला कोण सांगणार?

आषाढात मला इंद्रायणीत उतरवलं. भिवानं नारळ फोडला, सोजरबाईनं, ज्योतीरामच्या आईनं, हळदकुंकू लावलं. इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. काठावर गाव लोटलं होतं. सुकाणू भिवाच्या हातात. दोन दिवस मी चाळीस-चाळीस माणसं नेली, आणि दोन्ही दिवस माझ्या फळ्या आतून एकमेकींना रेटत होत्या. मी कण्हत होते. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

तिसऱ्या सकाळी ज्योतीराम पहिल्या फेरीनं कंपनीत गेला. दुसऱ्या फेरीला, ऐन डोहात, माझ्या तळाची फळी काडकन उखडून बाहेर आली. पाणी भसाभसा आत. माणसं ओरडायला लागली. भिवानं खाली वाकून पाण्यात हात घातला आणि बाहेर काढला, तेव्हा मुठीत निळा रंग लागलेला लांबीचा तुकडा होता. त्यानं तो नीट पाहिला. त्याला सगळं कळलं. तुकडा त्यानं हळूच नदीत सोडला आणि मोठ्यांदा ओरडला, "खडकावर घातली रं मी! चुकलं माझं!"

मग त्यानं मला कसंबसं उथळाला नेऊन टेकवलं. सगळे कमरेएवढ्या पाण्यातून काठाला लागले. मला बाहेर ओढलं तेव्हा भिवानंच सांगितलं, "हिकडच्या कुशीवर निजवा." फुटकी बाजू खाली गेली. भोसरीत आणून टाकलं तेही त्याच्याच देखरेखीखाली, त्याच कुशीवर. इंजिन वरूनच काढून नेलं. ज्योतीरामला माझ्याकडे बघवत नव्हतं, त्यानं काही उलटंपालटं करून पाहिलं नाही.

चऱ्होलीच्या त्या डोहात खडक नाही. भिवानं चाळीस वर्षं तो वल्ह्यानं चाचपलेला होता. पण लोक म्हणाले, म्हातारा आंधळा झाला, आमचे जीव घेतले असते. सुगीला कुणी मूठभर धान्य घातलं नाही. उतारावर नाव चालवायचं काम गावानं दुसऱ्याला दिलं. नदीवर जन्म काढलेला माणूस हिंदुरावच्या फाटकाशी वॉचमन म्हणून स्टुलावर बसायला लागला. पाच वर्षं बसला. एकदाच माझ्याजवळ येऊन बोलला, "पोरगं मनाला लावून घील. तू बी गप ऱ्हा." मी गप्प राहिले.

गेल्या महिन्यात भिवा गेला. तेरावं उरकून ज्योतीराम इथं आला. टक्कल केलेलं, डोळे सुजलेले. हिंदुराव म्हणाला, "राव, आता हिचं काय करायचं? जागा अडलीय."

ज्योतीराम म्हणाला, "फोडू सोमवारी. आबांनी तेवढा खडक चुकवला असता तर आज गावात मान असता आमाला."

आयुष्यात पहिल्यांदा मला वाचा नसल्याचं इतकं दुःख झालं. सांगावं, की अरे, तुझ्या बापाचं काहीही चुकलं नव्हतं. आणि सांगूही नये, कारण ज्यासाठी त्या माणसानं आपलं नाव मातीत घातलं, तेच मी उघडं कसं करू?

सोमवारी ते मला पालथी करतील. माझ्या तळाला दगडाचा एक ओरखडासुद्धा नाही. आहे ती फक्त उखडलेली फळी आणि फटीतून फुगून बाहेर आलेली लांबी. फिटरच्या डोळ्याला ते एका नजरेत कळेल.

ज्योतीराम, माझी एवढीच विनवणी आहे. मला फोडायला दुसरं कुणी लाव. सोमवारी तू कामावर जा, बाबा. इकडे येऊ नकोस.