राजवाड्यामागचा नदीकाठ

मित्रांनो, मी एका संगीत नाटकाचा जुना रंगवलेला पडदा आहे. माझ्यावर नदीकाठ आहे. शेजारच्या पडद्यावर राजवाडा आहे, आणि खोटे कशाला बोलू, त्याला पाहिले की माझा नुसता जळफळाट होतो.

आम्हा दोघांना एकाच रंगाऱ्याने रंगवले. राजवाडा त्याने घाईघाईत उरकला. माझ्या पाण्यासाठी मात्र तो दिवस दिवस पालथा पडून राबला. डबा घेऊन आलेली त्याची बायको म्हणाली, "अहो, जेवायला वर या, नाहीतर त्या नदीतच बुडाल!"

माझ्या नाटकात नावाड्याची मुलगी आपल्या प्रियकराला स्वतः पलीकडे सोडते आणि परतताना एकटीच गाते. ते गाणे वाजवताना पेटीवाला डोळे पुसायचा. पण शेवटी लग्न लागत नाही म्हणून प्रेक्षक हिरमुसले आणि नाटक पडले. राजवाड्याचे नाटक तुफान चालले. त्याचे रंग दरवर्षी उजळले जात. मी माळ्यावर उंदरांच्या शेजारी गुंडाळलेला. खालून टाळ्या ऐकू आल्या की अंगाची लाही लाही होई.

वर्षे गेली. एके सकाळी मला उतरवून टांगले. मी हरखलो. पण रंगाऱ्याची मुलगी पांढऱ्या रंगाची बादली घेऊन आली. राजवाड्यासाठी नवी बाग हवी होती, आणि कापड माझे!

तेवढ्यात तालमीला आलेली म्हातारी नटी मला पाहून थबकली. आता ती राजवाड्याच्या नाटकात राजमाता होई. तरुणपणी नावाड्याची मुलगी तीच झाली होती.

"थांब गं पोरी, जरा," ती म्हणाली आणि ते गाणे गाऊ लागली. आवाज फाटला, तरी थांबली नाही. दिग्दर्शक धावत आला.

"आजी, हे कुठलं गाणं?"

"पडलेल्या नाटकातलं."

"इतकं चांगलं नाटक पडलं कसं?"

"पडतात रे नाटकं. आमचं उचलायला कोणी आलं नाही, एवढंच."

बादली परत गेली. एका नव्या नटीला आजीने गाणी शिकवली आणि माझ्या नाटकाचा प्रयोग झाला. नाट्यगृह अर्धेच भरले होते, पण आलेली माणसे पडदा पडल्यावरही उठेनात. त्या संध्याकाळी राजवाडा कोपऱ्यात गुंडाळून पडला होता. मला केवढे बरे वाटले!

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर चढला, आणि माझी जळजळही परतली. असो.

मित्रांनो, न चाललेले नाटक वाईटच असेल, असे धरून बसू नका. ज्यांना त्यातली गाणी येतात, त्यांच्याकडून ती आजच शिकून घ्या. माझे उडालेले रंग पुन्हा भरता येतील. तो आवाज कुठून आणाल?